बिऱ्हाड पाठीवर, पण मैला कोठें?

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे घरदार नसलेल्या माणसाला उद्देशून थोड्याशा उपहासानें वापरली जाते. अमेरिकेंत मात्र पाठीवरचें बिऱ्हाड ही हौसेची वस्तु झाली आहे. मोटारीच्या मागें जोडलेलें, किंवा मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेलें एक लहानसें घर. त्यांत निजण्याच्या फळ्या, चूल, शीतकपाट, न्हाणी आणि शौचकूप. असें घर घेऊन तेथील लक्षावधि कुटुंबें प्रवासास निघतात. २०२१ या एका वर्षांत कारखान्यांतून अशीं ६,००,२४० वाहनें बाहेर पडलीं. तो त्या धंद्याचा तोंवरचा उच्चांक होता. या फिरत्या घरांचें वर्णन करणारे लेखक बहुधा डोंगर, अरण्यें व सूर्यास्त यांविषयीं लिहितात. परंतु घर म्हटलें कीं मोरी आली, आणि मोरी आली कीं ती कोठें तरी जाऊन मिळावी लागते. स्थिर घराची मोरी गांवाच्या गटारास मिळते. चालत्या घराची मोरी कोणाच्या गटारास मिळावी, हा प्रश्न अमेरिकेंतील लहान लहान गांवांना शंभरांहून अधिक वर्षें पडत आलेला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

वस्तुतः हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. १८४० नंतरच्या काळांत मिसूरी नदीच्या कांठावरून निघून ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या पश्चिमेकडील प्रांतांत वस्तीस जाणारीं कुटुंबें जाड कापडाचें छत घातलेल्या गाड्यांतून प्रवास करीत. त्यांचा मार्ग सुमारें २,००० मैलांचा असून तो कापण्यास चार ते सहा महिने लागत. मार्गाचा बराच मोठा भाग प्लॅट नदीच्या कांठाकांठानें जाई, कारण माणसांना व जनावरांना पाणी जवळ हवें. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि पुढील वर्षापासून या वाटेवर माणसांची रीघ लागली. काल एका तांड्यानें जेथें मुक्काम केला तेथेंच आज दुसरा तांडा उतरे. काल लोक ज्या झुडपांआड बहिर्दिशेस गेले, त्यांच्याच जवळ आज उथळ खळगा खणून पिण्याचें पाणी काढलें जाई. १८४९ ते १८५२ या वर्षांत पटकीनें या वाटेवर थैमान घातलें. सकाळीं धडधाकट असलेला माणूस संध्याकाळीं पुरावा लागला, अशा नोंदी त्या प्रवाशांच्या रोजनिशांतून आढळतात.

ही पटकी मूळची बंगालची. १८१७ पासून ती व्यापाराच्या व सैन्याच्या मार्गांनीं जगभर पसरली. दूषित हवा हेंच तिचें कारण, अशी तेव्हां सार्वत्रिक समजूत होती. लंडनमधील जॉन स्नो या डॉक्टरनें १८५४ सालीं एका सार्वजनिक पंपाच्या उदाहरणावरून ती पाण्यांतून पसरते असें दाखविलें. आणि रॉबर्ट कॉख यानें १८८४ सालीं कलकत्त्यास तिच्या जंतूंचा शोध पक्का केला. प्लॅटच्या कांठीं मेलेल्यांना या ज्ञानाचा उपयोग होणार नव्हता. तथापि मागल्या मुक्कामाची घाण पुढल्या मुक्कामाचा काळ होऊं शकते, ही गोष्ट त्या वाटेवरच्या थडग्यांनीं सिद्ध केली होती.

पुढें मोटार आली आणि बैलांची जागा यंत्रानें घेतली. १९१० सालीं पिअर्स-ॲरो या कंपनीनें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनांत ‘टूरिंग लँडो’ नांवाची गाडी मांडली. तिच्या मागच्या बैठकीचा बिछाना होत असे. सारथ्याच्या पाठीमागें घडी घालतां येणारें हात धुण्याचें भांडें होतें. आणि शौचाकरितां एक भांडेंहि ठेवलेलें होतें. ही गाडी श्रीमंतांची. असलें भांडें कोठें रितें होतें, हें पाहण्याचें कारण तिच्या मालकाला नव्हतें. परंतु हेन्री फोर्ड याची १९०८ सालीं निघालेली ‘मॉडेल टी’ ही गाडी उत्तरोत्तर स्वस्त होत गेली आणि १९२५ च्या सुमारास तिची किंमत ३०० डॉलरांच्या खालीं उतरली. तेव्हां शिक्षक, शेतकरी, कारकून, दुकानदार असे सामान्य लोक गाडीला तंबू बांधून देश पाहावयास निघाले. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहरीं अशा प्रवाशांनीं एक मंडळ स्थापन केलें व त्याला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी, असें नांव दिलें. रस्त्याच्या कडेला डब्यांतील अन्न खावें व तेथेंच निजावें, असा त्यांचा क्रम असे.

रस्त्याच्या कडेला जमीन असलेल्या शेतकऱ्यांना हा क्रम आवडला नाहीं. कुंपणें मोडलीं जात, झऱ्याजवळ घाण होई, आणि रिकामे डबे शेतांत पडत. यावर गांवांनीं एक उपाय काढला. गांवाच्या कडेला एखादें मोकळें आवार राखून तेथें पाणी, शौचकूप व चुलीची सोय करावी आणि प्रवाशांना तेथें फुकट उतरूं द्यावें, असा तो उपाय होता. त्यांत धर्मबुद्धीबरोबर व्यापारबुद्धीहि होती. आलेला प्रवासी पेट्रोल घेईल, पाव व अंडीं घेईल, कदाचित् गांव आवडल्यास येथेंच वस्तीला राहील, असा दुकानदारांचा हिशेब असे. १९२० नंतरच्या तीन-चार वर्षांत असे तळ हजारों गांवांत उघडले. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर हिनें ओव्हरलंड पार्क या आपल्या उद्यानांत सुमारें १६० एकर जागा प्रवाशांना दिली. ही जागा साउथ प्लॅट नदीच्या कांठीं होती. ज्या नदीच्या खोऱ्यांत सत्तर वर्षांपूर्वीं तांडे उतरत, तेथेंच त्यांचीं नातवंडें मोटारी घेऊन उतरूं लागलीं. फरक इतकाच कीं आतां शौचकुपाची व्यवस्था पाहणारी एक नगरपालिका तेथें होती.

फुकटची सोय फार दिवस टिकली नाहीं. तळावर हौशी प्रवाशांबरोबर कामाच्या शोधांत भटकणारीं गरीब कुटुंबेंहि येऊं लागलीं. तीं चार दिवसांऐवजीं चार महिने राहत. शौचकुपें भरून वाहत, आणि त्यांचा खर्च गांवकऱ्यांच्या करांतून निघे. १९२३-२४ नंतर अनेक गांवांनीं दररोज २५ ते ५० सेंट भाडें आणि मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा ठरविली. कारण आरोग्याचें सांगितलें गेलें व तें खोटें नव्हतें. परंतु भाडें बसविल्यानें गरिबांना दूर ठेवतां येतें, हाहि हेतु त्यांत होता, आणि तो फारसा लपविलेला नव्हता. पुढें बरेचसे गांवतळ बंद पडले. त्यांच्या जागीं खासगी झोपड्या व त्यांतूनच मोटेल नांवाचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. परक्याच्या मैल्याची सोय गांवानें करावी कीं नाहीं, हा वाद येथें प्रथम उघडपणें झाला, आणि त्याचा निकाल बहुतेक गांवांनीं ‘नाहीं’ असा दिला.

१९३० नंतर तंबूची जागा लांकडी वा धातूच्या ट्रेलरनें घेतली. या धंद्यांत आरंभीं ज्याचें नांव झालें तो डेट्रॉइटचा आर्थर शेर्मन हा व्यवसायानें जंतुशास्त्रज्ञ होता. त्यानें आपल्या ट्रेलरला ‘कव्हर्ड वॅगन’ असें, जुन्या छताच्या गाडीचें नांव दिलें, आणि १९३६ च्या सुमारास त्याचा कारखाना या धंद्यांत अग्रेसर झाला. त्याच वर्षीं वॉली बायम याच्या एअरस्ट्रीम कंपनीनें ॲल्युमिनमचा चकाकणारा ‘क्लिपर’ ट्रेलर १,२०० डॉलरांस विकावयास काढला. रॉजर बॅबसन या नामांकित अर्थपंडितानें तर वीस वर्षांत निम्मे अमेरिकन ट्रेलरांत राहूं लागतील असें भाकीत केलें. तें खरें झालें नाहीं. या चकचकीत घरांना एक उणीव होती. बहुतेकांत शौचकूप नसे. भांडीं घासल्याचें पाणी खालच्या भोंकावाटे बादलींत किंवा सरळ जमिनीवर पडे. आणि शौचाची सोय म्हणजे झांकण असलेली बादली. म्हणून ट्रेलर उभा करण्याचे तळ निघाले, त्यांत सामायिक न्हाण्या व शौचकुपें बांधलीं गेलीं, आणि त्यांविषयीं राज्यांच्या आरोग्यखात्यांनीं नियम केले.

याच दशकांत दुसरीं लक्षावधि माणसें रस्त्यावर आलीं, पण हौसेनें नव्हे. ओक्लाहोमा, टेक्सस आदि प्रांतांतील अवर्षण, धुळीचीं वादळें व मंदी यांमुळें उखडलेलीं शेतकरी कुटुंबें जुन्या मोटारींवर संसार लादून कॅलिफोर्नियांत मजुरीला आलीं. कालव्यांच्या व चरांच्या कडेला त्यांच्या पालांची वस्ती झाली. त्याच चरांत धुणें, त्यांतच मैला, आणि कित्येकदां पिण्याचें पाणीहि त्यांतलेंच. मुलें हगवणीनें व विषमज्वरानें आजारी पडत. तेव्हां मध्यवर्ती सरकारनें ठिकठिकाणीं सरकारी छावण्या उभारल्या. त्यांतील आर्विन येथील छावणी प्रसिद्ध आहे. जॉन स्टाइनबेक याच्या १९३९ सालच्या कादंबरींतील छावणीचें मूळ तीच. तेथील सर्वांत महत्त्वाची इमारत म्हणजे न्हाण्या, धुण्याचीं कुंडें व पाण्यानें धुतलीं जाणारीं शौचकुपें असलेली इमारत. तिची स्वच्छता राखण्याचें काम छावणींतील लोकांनीं निवडलेल्या मंडळांकडे होतें. फिरत्या माणसाला जागा व पाणी मिळाल्यास तो तीं स्वच्छ राखूं शकतो, हें तेथें दिसून आलें. गांवकऱ्यांचा समज याच्या उलट होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या इतिहासाला नवें वळण लागलें तें एका साध्या वस्तूमुळें, म्हणजे वाहनाच्या तळाखालीं बसविलेल्या टाकीमुळें. १९५६ सालच्या कायद्यानें सुमारें ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हातीं घेतली गेली. प्रवास लांबचा व जलद झाला, आणि तळावरच्या सामायिक शौचकुपावर अवलंबून न राहणारें, स्वतःपुरतें पूर्ण असें वाहन लोकांना हवेंसें वाटूं लागलें. आयोवा राज्यांतील फॉरेस्ट सिटी या लहानशा गांवांत १९५८ सालीं, गांवाला उद्योग हवा म्हणून, ट्रेलरांचा कारखाना आणला गेला. १९६१ सालीं त्यानें ‘विनेबेगो’ हें नांव घेतलें आणि १९६६ सालीं स्वतःच्या यंत्रावर चालणारें घर बनविण्यास आरंभ केला. त्याची किंमत बेताची असल्यानें हें नांव अमेरिकेंत घरोघर झालें.

या वाहनांत साधारणतः दोन निराळ्या टाक्या असतात. एकींत शौचकुपांतील मैला जातो. तिला काळ्या पाण्याची टाकी म्हणतात. दुसरींत न्हाणी व स्वयंपाक यांचें सांडपाणी सांठतें. ती करड्या पाण्याची टाकी. प्रत्येकीची धारणाशक्ति पुष्कळदां ३० ते ४० गॅलन, म्हणजे सुमारें ११५ ते १५० लिटर असते. काटकसरीनें वागलें तरी चार माणसांच्या कुटुंबाची टाकी आठवड्याच्या आंतच भरते. ती भरली कीं प्रवासाचा रंग पालटतो. समोर कितीहि रमणीय सरोवर असलें तरी कुटुंबप्रमुखाच्या मनांत विचार एकच, तो म्हणजे जवळपास ही टाकी रिती करण्याचें ठिकाण कोठें आहे.

अशा ठिकाणाला तिकडे ‘डंप स्टेशन’ म्हणतात. राज्यांचीं उद्यानें, महामार्गांवरील कांहीं विश्रांतिस्थानें, खासगी तळ, कांहीं पेट्रोलपंप, आणि कित्येक लहान गांवांचीं मैलाशुद्धिकेंद्रें येथें तीं असतात. निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगांत वाहन व खालीं वळलेला बाण, ही त्याची खूण. रचना अगदीं साधी. मध्याकडे उतरती अशी काँक्रीटची फरशी, मध्यभागीं सुमारें चार इंच व्यासाचें व झांकण असलेलें तोंड, आणि शेजारीं धुण्यासाठीं पाण्याची नळी. वाहनाच्या टाकीचें तोंड तीन इंचांच्या लवचिक नळीनें या तोंडास जोडावयाचें. आधीं काळी टाकी सोडावयाची आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानें नळी आपोआप धुतली जाते. मग फरशी धुवून झांकण लावावयाचें. तेथील धुण्याच्या नळाचें पाणी पिण्यास घ्यावयाचें नाहीं, अशी पाटी तेथें लावलेली असते. घाईच्या माणसांमुळें त्या पाटीची गरज पडते. सगळें काम पंधरा मिनिटांचें. पण मागून येणाऱ्याला फरशी स्वच्छ मिळावी ही जाणीव ज्याला नाहीं, असा एकच मनुष्य तें ठिकाण दिवसभर निरुपयोगी करून ठेवतो.

एवढेंसें काम आहे तर प्रत्येक गांवानें तें कां करूं नये, असें कोणी म्हणेल. याचें उत्तर जमिनीखालीं आहे. लहान गांवांतील व तळांवरील मैल्याची व्यवस्था पुष्कळदां सेप्टिक टाकीवर चालते. इंग्लंडमधील एक्झेटर शहराचा अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यानें १८९५-९६ च्या सुमारास या टाकीला तिचें हें नांव दिलें. हवा न लागणाऱ्या टाकींत मैला सांठून राहतो, तेथें जंतु त्याचें विघटन करतात, आणि वरचें पाणी सच्छिद्र नळांतून जमिनींत मुरतें. हें सारें काम जंतूंचें. ते जगले तर टाकी चालते, मेले तर ती नुसता एक भरलेला हौद होते. आतां फिरत्या घरांतील लोक दुर्गंधि मारण्यासाठीं काळ्या टाकींत औषध घालीत, आणि त्यांतील प्रसिद्ध औषध म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड, ज्यांत प्रयोगशाळेंतील मृत प्राणी कुजूं नयेत म्हणून बुडवून ठेवतात. वाहनांतील टाकींत जें जंतु मारतें तें तळावरच्या टाकींतहि मारतेंच. शिवाय घरच्या मैल्यांत न्हाण्याधुण्याचें पुष्कळ पाणी मिसळलेलें असतें, तर वाहनांत पाण्याची काटकसर असल्यानें मैला फार दाट असतो. एका रविवारीं अशीं पन्नास वाहनें येऊन गेलीं कीं, दोनशें माणसांसाठीं बांधलेल्या व्यवस्थेवर तिला न पेलणारा भार पडतो. म्हणूनच कॅलिफोर्निया राज्यानें २०१० सालीं कायदा करून वाहनांच्या टाक्यांतील असल्या घातक रसायनांस बंदी केली.

मोठ्या मैदानांतील गांवांनीं दुसरी एक पद्धति स्वीकारली, ती उथळ तळ्यांची. नॉर्थ डाकोटा राज्यांतील मॅडॉक या गांवीं १९४८ सालीं मैल्यासाठीं मुद्दाम आंखून बांधलेलें तळें हें तेथील अशा तळ्यांपैकीं पहिलें मानतात. ऊन, वारा, शेवाळ व जंतु हे सारे मिळून त्यांत मैला शुद्ध करतात. यंत्रें नाहींत, पगारी माणसें थोडीं, म्हणून लहान गांवाला तें परवडतें. अशा गांवांना चार वाहनांचा मैला घेणें जड नसतें, आणि कित्येक गांवें तो आनंदानें घेतात. परंतु नियम न पाळणारे प्रवासी ठिकाण सोडून भलतीकडेच टाकी सोडतात. रस्त्याच्या कडेचें जाळीचें भोंक पाहून त्यांना तें मैल्याचें गटार वाटतें. बहुतेक ठिकाणीं तें केवळ पावसाच्या पाण्याचें असतें व कसलीहि शुद्धि न होतां जवळच्या ओढ्यास मिळतें. ओढा कोणाचा, तर गांवाचा. आणि प्रवासी तोंवर शंभर मैल पुढें गेलेला असतो.

मग खर्च कोणी करावयाचा? वॉशिंग्टन राज्यानें याचें एक सरळ उत्तर काढलें. फिरत्या घराच्या नोंदणीच्या वेळीं तीन डॉलरांचें वेगळें शुल्क घ्यावयाचें, आणि त्या पैशांतून महामार्गाच्या विश्रांतिस्थानांवर मैला रिता करण्याचीं ठिकाणें बांधावयाचीं व राखावयाचीं. नौकाविहार करणाऱ्यांसाठीं मध्यवर्ती सरकारनेंहि १९९२ सालीं कायदा करून, नौकांतील मैला उपसण्याचीं ठाणीं बांधण्यास राज्यांना अनुदान देण्यास सुरवात केली. जेथें अशी तरतूद नव्हती तेथें खर्च व दुरुपयोग यांस कंटाळून कित्येक ठिकाणें बंद करण्यांत आलीं. २०२० च्या वसंत ऋतूंत साथीमुळें अनेक राज्यांचीं उद्यानें बंद झालीं आणि त्यांबरोबर तेथील ठिकाणेंहि बंद झालीं. प्रवासास निघालेल्यांची व वाहनांतच राहणाऱ्यांची त्या वेळीं जी धांदल उडाली, तीवरून या क्षुल्लक वाटणाऱ्या सोयीचें महत्त्व लोकांस कळलें.

या सर्व प्रश्नाचें सार एकाच ठिकाणीं पाहावयाचें असल्यास ॲरिझोनाच्या वाळवंटांतील क्वार्टझ्साइट या गांवाकडे पाहावें. २०२० च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या अवघी २,४१३ भरली. १९६७ पासून येथें रत्नें व खनिजें यांचें हिंवाळी प्रदर्शन भरूं लागलें, आणि उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले वृद्ध लोक आपलीं फिरतीं घरें घेऊन येथें येऊं लागले. हिंवाळ्यांत येथें येऊन जाणाऱ्यांची संख्या लाखांनीं मोजतात. पालखी उतरली म्हणजे वाटेवरच्या गांवाची जी स्थिति होते ती वारकऱ्यांस ठाऊक आहे. क्वार्टझ्साइटला ती महिनोन्‌महिने असते. गांवाच्या भोंवतालची जमीन मध्यवर्ती सरकारच्या भूमि-व्यवस्थापन खात्याची. वाळवंट ओसाड दिसलें तरी नाजूक असतें. तेथें एकदां मोडलेली जमिनीची पापुद्र्यासारखी साय वर्षानुवर्षें भरून येत नाहीं. वाटेल तेथें उतरणाऱ्या वाहनांपासून तिला वांचवावें आणि आलेल्यांचीहि सोय व्हावी, म्हणून खात्यानें १९८३ सालीं दीर्घ मुक्कामाचे तळ आंखले. गांवाच्या दक्षिणेचा ला पोसा हा त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा त्याचा हंगाम. परवान्याचें शुल्क भरून माणसानें तेथें राहावें, आणि त्या शुल्कांतच पाणी, कचऱ्याच्या पेट्या व मैला रिता करण्याचें ठिकाण यांचा लाभ घ्यावा, अशी व्यवस्था झाली. शौचकुपाजवळच्या ठराविक जागा सोडून इतरत्र उतरावयाचें असल्यास वाहनाला किमान १० गॅलनांची पक्की बसविलेली टाकी असलीच पाहिजे, असा नियम करण्यांत आला. ज्याला टाकी हलवून नेण्याचा कंटाळा असेल त्याच्या दाराशीं मैला उपसून नेणारी मोटार येते. लोक तिला विनोदानें ‘मधाची गाडी’ म्हणतात.

याच गांवाच्या स्मशानांत दगडांचा एक लहान मनोरा असून त्याच्या शिखरावर तांब्याचा उंट आहे. १८५६ सालीं अमेरिकन सैन्यानें वाळवंटांतील वाहतुकीसाठीं उंट आणविले, तेव्हां त्यांच्याबरोबर पश्चिम आशियांतून आलेला हाजी अली नांवाचा सारवान येथें १९०२ सालीं वारला. गोऱ्या लोकांच्या जिभेवर त्याचें नांव ‘हाय जॉली’ झालें. १९३५ सालीं राज्याच्या महामार्ग खात्यानें त्याचें हें स्मारक उभारलें. परक्या भूमींतून आलेल्या एका भटक्या माणसाला ज्या गांवानें आपलें म्हटलें, त्याच गांवाच्या वेशीवर आज भटक्यांची नगरी दरसाल उभी राहते.

तथापि सर्वच भटके पेन्शन घेऊन ऊन खाणारे नसतात. घरभाडें न परवडल्यानें जुन्या मोडक्या वाहनांत राहणारीं कुटुंबें आज पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत पुष्कळ आहेत. त्यांचें वाहन कित्येकदां चालतहि नाहीं, मग तें मैला रिता करण्याच्या ठिकाणापर्यंत जाणार कसें? पोलिसांनीं हुसकावलें तर वाहन एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत जातें आणि टाकीहि तशीच भरलेली जाते. सीॲटल नगराच्या पाणी व मैला पाहणाऱ्या खात्यानें, अशा वाहनांतील मैला जागेवरच उपसून नेण्याची योजना हातीं घेतली. कांहीं नागरिकांना ही सवलत वाटली. परंतु जो मैला टाकींतून उपसला जात नाहीं तो शेवटीं पावसाच्या गटारांतून सरोवरांत जातो, आणि तेथें सवलत मागणारा व ती नाकारणारा या दोघांचींहि मुलें पोहतात.

हा सारा दूरच्या देशाचा इतिहास झाला. परंतु २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानेंहि कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. फिरतीं घरें व त्यांचे तळ यांचा त्यांत विचार केलेला आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अशीं वाहनें जसजशीं वाढत जातील, तसतसा तेथील ग्रामपंचायतींपुढें हा प्रश्न उभा राहील. तेथें बहुतेक गांवांना मैल्याचें गटार नाहीं, घरोघर शोषखड्डे आहेत, आणि त्यांपासून थोड्या अंतरावर पिण्याच्या विहिरी आहेत. जांभ्या दगडांतून पाणी किती लौकर झिरपतें हें कोंकणांतील कोणत्याहि शेतकऱ्यास विचारावें. अमेरिकेंतील गांवांनीं आधीं पाहुण्यांना बोलाविलें, मग घाण पाहून दारें लावलीं, आणि पुष्कळ वर्षांनीं हिशेबाला बसलीं. आपल्याकडे हा क्रम उलटा ठेवणें अजून शक्य आहे. तळाची जागा ठरवितांना आधीं विहीर कोठें आहे तें पाहावें, मग टाकी कोठें रिती होणार तें ठरवावें, तिचा खर्च वाहनवाल्याच्या शुल्कांतून घ्यावा, आणि मगच स्वागताची कमान उभारावी. पाहुण्याला पाणी विचारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. फिरत्या घराच्या पाहुण्याला त्या पाण्याबरोबर मोरीची वाटहि दाखवावी लागेल.